परतसांग

माणसाला एक नाव आईबाप देतात आणि दुसरं कचेरी देते. मेजर पाणीपुरवठा आणि पूरनियंत्रण खात्याचे प्रमुख म्हणून रुजू झाले आणि पंधरा दिवसांच्या आत खात्याने त्यांचं बारसं उरकलं. नाव ठेवलं परतसांग.

कारण साधं होतं. साहेबांनी काम सांगितलं की "हो साहेब" म्हणून पाठ फिरवायची सोय राहिली नव्हती. "काय सांगितलं मी? परत सांगा." मग घरी नातवंडं खेळवणारा मुख्य कारकूनसुद्धा हात मागे बांधून उभा राहायचा आणि म्हणायचा, "सहा नंबरच्या पंपाची फाईल उद्या अकराला टेबलावर." आकड्यांची तर वेगळीच तऱ्हा. आकडा सुटा सुटा बोलायचा. पंचवीस म्हणायचं नाही, दोन पाच म्हणायचं. त्र्याहत्तर म्हणायचं नाही, सात तीन म्हणायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची समजूत अशी झाली की साहेब कमी ऐकतात, आणि शिपायापासून अभियंत्यापर्यंत जो तो त्यांच्या खोलीत जाऊन ओरडायला लागला. शेवटी मेजरांनीच सांगितलं, "माझे कान ठीक आहेत. तुमचे तपासतोय."

ही सवय त्यांना हौसेने लागलेली नव्हती. मेजर म्हणजे मूळचा शिंप्याचा मुलगा. वडील गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून मापं ओरडायचे आणि आई मशीनशेजारी बसून वहीत लिहायची. नाकासमोर चालणारा हा मुलगा शाळेत बरा होता, दोन भावांपेक्षा उंच होता, आणि दुकानात तिसऱ्या माणसाला बसायला जागा नव्हती. तो सैन्यात गेला. देशप्रेमाने गेला असं पुढे सत्काराच्या भाषणांमधून लोकांनी सांगितलं. मेजर ते खोडून काढत नसत, दुजोराही देत नसत.

संदेशवहनाच्या तुकडीत त्यांना बिनतारी यंत्रावर बसवलं. तेविसाव्या वर्षी, एका बर्फाळ डोंगरावर, त्यांनी एका गस्तीच्या टोळीला एकोणतीस नंबरच्या चौकीवर जायला सांगितलं. टोळी एकोणचाळीसला गेली. तिथे कुणी नव्हतं, चूल नव्हती, छप्पर नव्हतं. टोळी परत आली तेव्हा तीन जवानांच्या पायांची बोटं कापावी लागली. चूक सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची, हे कधीच ठरलं नाही. कमांडरने शिक्षा केली नाही. एवढंच म्हणाला, "यापुढे आकडा फोडून सांगायचा, आणि समोरच्याने परत म्हटल्याशिवाय सांगितला असं समजायचं नाही." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मेजर पुढची एकतीस वर्षं प्रत्येक आकडा फुंकून पीत राहिले. हाताखाली माणसं वाढत गेली, खांद्यावरच्या खुणा वाढत गेल्या, पण या एका बाबतीत त्यांनी कानाला खडा लावला तो लावलाच.

याचा एक परिणाम असा झाला की त्यांना साधे आकडे नीट बोलता येईनात. बाजारात त्यांनी एकदा एकोणपन्नास म्हणायचं ते एकोणसाठ म्हटलं आणि भाजीवालीने त्यांना वेड्यात काढलं. घरी मेजरीणबाई हसून लोटपोट झाल्या. त्या दुसरीच्या वर्गाला गणित शिकवायच्या, आणि 'एकोण'चे आकडे म्हणजे त्यांचे तीस वर्षांचे वैरी. एकोणसाठ म्हटलं की मुलं साठ ऐकतात आणि आधी सहा लिहून मोकळी होतात, मग शेजारी नऊ. "तुम्ही माझ्या वर्गात असता ना," त्या नवऱ्याला म्हणायच्या, "तर मागच्या बाकावर असता."

सैन्यातून निवृत्त झाल्यावर निवड मंडळाने मेजरांना या शहराचं खातं दिलं. कचेरी नदीच्या काठावर, दोन मजली, ओलीने फुगलेल्या भिंतींची. साहेबांच्या खोलीत भिंतभर नकाशा, एक लोखंडी कपाट आणि तीन फोन, त्यातला एक बंद. मेजरांनी पहिल्या दिवशी तो बंद फोन उचलून नेऊन दाराबाहेर ठेवला. दोन वर्षांत त्यांनी गळक्या नळांच्या तक्रारी निम्म्यावर आणल्या, रात्रपाळीला झोपणारे पंपचालक जागे केले, आणि कुणाला बढतीची लालूच न दाखवता लोकांकडून काम करून घेतलं. लोक त्यांना घाबरत, पण त्यांच्या मागे वाईट बोलत नसत. सरकारी कचेरीत याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

शहराच्या वरच्या अंगाला नदीवर पाणी अडवणारे दरवाजे होते, आणि दरवाज्यांवर भोंगेनाना. एकोणतीस वर्षं ते तिथल्या दगडी खोलीत नोकरी करत होते. पाण्यात उभ्या केलेल्या शंभर खुणांच्या मोजपट्टीवर नजर ठेवायची, दर तासाला आकडा नोंदवहीत लिहायचा, आणि पाणी सत्तरावर गेलं की भोंगा द्यायचा, हे त्यांचं काम. भोंगा ऐकला की नदीकाठच्या खालच्या आळीने घरं सोडून टेकडीवरच्या शाळेत जायचं. नानांचा स्वतःचा आवाज मात्र इतका बारीक की समोर बसूनही पुढे झुकून ऐकावं लागे. म्हणूनच त्यांना भोंगेनाना म्हणत.

परत सांगण्याची पद्धत सगळ्या खात्यात कुणी मनापासून पाळली असेल तर ती नानांनी. एक वर्षभर त्यांनी साहेबांचा प्रत्येक शब्द, मध्ये एखादा खोकला आला असेल तर तोही धरून, त्या बारीक आवाजात परत म्हटला. वर्षाच्या शेवटी मेजर दरवाज्यांवर पाहणीला गेले होते. खात्याची निम्मी माणसं बरोबर होती. सगळ्यांच्या देखत मेजर म्हणाले, "नाना, यापुढे तुम्ही परत सांगायची गरज नाही."

नानांचे डोळे भरून आले. खात्यात कुणाला पदक बिदक मिळत नसे, पण त्या दिवसापासून नानांना ते मिळालंय असंच सगळे धरून चालले. मुख्य कारकून तर चिडून म्हणाला, "आमचं मात्र पाढे म्हणणं चालूच."

पुढच्या पावसाळ्यातला एक रविवार होता. खालच्या आळीजवळच्या बांधाचं दुरुस्तीचं काम चालू होतं आणि वरच्या डोंगरात तीन दिवस पाऊस होता. दुपारी एकच्या सुमारास बांधावरच्या अभियंत्याने माणसाच्या हाती मेजरांच्या घरी चिठ्ठी पाठवली. बांध अर्धा उघडा असल्यामुळे आज सत्तराची वाट पाहू नये, भोंगा ५९ वर द्यावा. पाणी बासष्टला आळीत शिरेल.

मेजर जेवायला बसले होते. ताटावरून उठून त्यांनी फोन लावला, चिठ्ठी डाव्या हातात. आदल्याच दिवशी मेजरीणबाईंनी त्यांना छेडलं होतं, की मुलीशी फोनवर बोलताना तरी तिच्या बाळाचं वजन सुटं सुटं विचारू नका, घरात माणसासारखं बोला. ते त्यांच्या डोक्यात होतं की नव्हतं, कोण जाणे. पण समोर नाना होते, आणि नानांशी कसली आलीय कवायत.

"नाना, आज बांध उघडा आहे. भोंगा..." आणि त्यांनी आकडा सांगितला. पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग नाना म्हणाले, "बरं साहेब." मेजरांनी फोन ठेवला आणि ते परत ताटावर बसले.

नोंदवहीत नानांनी लिहिलं, 'साहेबांचा हुकूम, भोंगा ६९ वर.' साडेतीनला पाणी एकोणसाठवर आलं. भोंगा झाला नाही. साडेचारला पाणी बासष्टला आलं आणि बांधाच्या उघड्या अंगाने आळीत शिरलं. नानांना आळी दिसत नव्हती, पण पाण्याचा रंग आणि वेग त्यांना पटेना. त्यांनी साहेबांना फोन लावला, पण तार तुटली होती. पासष्टला त्यांनी स्वतःच भोंग्याची दांडी ओढली आणि वहीत लिहिलं, 'हुकमाआधी भोंगा दिला. जबाबदारी माझी.'

त्या भोंग्याने आळी वाचली. कमरेएवढ्या पाण्यातून माणसं निघाली, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेतलं. एक माणूस निघाला नाही. आळीतला बाइंडर, वह्या बांधणारा, एकटाच राहायचा. तो कागदाचे गठ्ठे माळ्यावर चढवत होता आणि शिडी घसरली. खात्याच्या सगळ्या नोंदवह्या त्याच्याच हातच्या होत्या. ज्या वहीत ६९ लिहिलं गेलं तीसुद्धा.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, बरोबर एक अभियंता आणि एक आयुक्तांचा माणूस. अभियंत्याच्या चिठ्ठीची नक्कल त्याच्या पुस्तकात होती, तीत ५९ लिहिलेलं. नानांच्या वहीत ६९. मध्ये फक्त एक फोन होता आणि तो तिसऱ्या कुणी ऐकल्याची नोंद नव्हती. सगळ्या शहराने निकाल आधीच लावला. म्हातारा माणूस, एकोणसाठ ऐकलं आणि लिहिताना दुसरीतल्या पोरासारखं आधी सहा लिहिलं. वर हुकूम मोडला तो वेगळाच. नानांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. समितीचा कल बडतर्फीकडे होता, आणि बाइंडरचा मृत्यू त्यांच्या नावावर लागणार होता.

आयुक्तांची बदली ठरली होती. त्यांनी मेजरांना बोलावून चहा दिला. "माझी खुर्ची तुम्हाला मिळावी असं मी वर लिहिलंय. तुमच्याकडून समितीला फक्त एका ओळीचा जबाब पाहिजे. चिठ्ठीत होता तोच आकडा सांगितला, बस्स."

"आठवत नाही," मेजर म्हणाले.

"काय आठवत नाही?"

"मी काय बोललो ते."

आयुक्तांनी कप खाली ठेवला. "मेजर, तुमच्यासारखा माणूस आकडा चुकेल यावर या शहरात कोण विश्वास ठेवेल?"

खरी अडचण तीच होती. नानांचाही त्यावर विश्वास नव्हता. ते दुसऱ्या दिवशी कचेरीत आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "साहेब, तुम्ही एकोणसाठच म्हणाला असणार. माझेच कान म्हातारे झाले. मी तसं लिहून देतो." आणि त्यांनी तसं लिहून दिलंही, नोंदवहीत लिहावं तसं, सुवाच्य अक्षरात.

मेजरांना त्या दुपारचं सगळं आठवत होतं. ताटातला अर्धा घास आठवत होता, फोनच्या तारेला पडलेला पीळ आठवत होता. आकडा तेवढा आठवत नव्हता. मात्र एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती, की त्या वेळी खोलीत आणखी एक माणूस होतं आणि त्याचे कान 'एकोण'च्या आकड्यांवर तीस वर्षं तासले गेले होते.

तीन दिवस मेजरांनी विचारलं नाही आणि तीन दिवस मेजरीणबाईंनी सांगितलं नाही. दोघांनी मुलीविषयी बोलून घेतलं, गळणाऱ्या पन्हळीविषयी बोलून घेतलं. मेजरांना भीती वाटत होती. डोंगरावर वाटली होती तशी नव्हे, साधी, आपण लहान ठरू अशी. बायको खोटं बोलणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच विचारायला जीभ रेटत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी समितीपुढे जायचं होतं. मेजर खुर्चीवर बसून बूट बांधत होते. मेजरीणबाई शाळेची पिशवी भरत होत्या.

"मी त्या दिवशी नानांना काय सांगितलं?" मेजरांनी बुटाकडे बघत विचारलं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मला वाटलं, तुम्ही विचारणारच नाही."

"सांग."

"एकोणसत्तर."

मेजरांचे हात नाडीवर थांबले. तोंडातून सवयीने निघून गेलं, "परत सांग."

"सहा नऊ," मेजरीणबाई म्हणाल्या.

बाईंनी गणिताच्या वहीतून एक चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली. अभियंत्याची चिठ्ठी. ताटाखाली राहिली होती, आवरताना त्यांना सापडली होती. त्यावर ठळक ५९ होतं. "फोनवर तुम्ही बोललात तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, एकदाचे माणसासारखे बोलले. संध्याकाळी चिठ्ठी पाहिली." त्यांनी वही पिशवीत घातली. "मीच तुम्हाला म्हटलं होतं ना तसं बोला म्हणून."

"तू आकडा सांगितला नव्हतास," मेजर म्हणाले आणि त्यांनी नाडी बांधली.

समितीपुढे अध्यक्षांनी नानांचा कबुलीजबाब वाचून दाखवला. कोपऱ्यातल्या बाकावर नाना मान खाली घालून बसले होते. "मेजर, आपल्याला यात काही वेगळं म्हणायचं नसेल, असं मी धरतो."

"म्हणायचं आहे. आकडा मी चुकीचा सांगितला. पाच नऊ सांगायचा होता, सहा नऊ सांगितला. आणि परत म्हणून घेतला नाही."

खोलीत खुर्च्या सरकल्या. अध्यक्ष माणूस भला होता. त्यांनी मेजरांना वाट काढून दिली. "अशा प्रसंगी माणूस स्वतःला उगाच दोष देतो. स्मरण दगा देतं."

"मला आठवत नाही. माझ्या पत्नीला आठवतं."

आयुक्तांच्या माणसाला हसू आलं. "पत्नीची साक्ष, आणि तीही नवऱ्याच्या विरुद्ध?"

"ती दुसरीला गणित शिकवते," मेजर म्हणाले.

मेजरीणबाईंना बोलावलं गेलं. त्यांनी वर्गात सांगावं तसं, फळ्याकडे नव्हे तर मुलांकडे बघत सांगावं तसं, सगळं सांगितलं आणि त्या चौथ्या तासाला शाळेत हजर झाल्या.

बाहेर व्हरांड्यात आयुक्तांनी मेजरांना गाठलं. "सुंठीवाचून खोकला जात होता. म्हातारा स्वतःच लिहून देत होता. तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"मी विचारलं," मेजर म्हणाले.

निकाल दोन आठवड्यांनी आला. नाना निर्दोष, हुकमाआधी भोंगा दिला म्हणून त्यांच्या नावे शेराही लिहिला गेला, चांगला. मेजरांना खात्यावरून दूर केलं. आयुक्तांच्या खुर्चीवर दुसऱ्या गावाहून कुणी आलं, त्याचं नाव ठेवायचं काम खात्याने लगेच हाती घेतलं. शहरात काही दिवस चर्चा झाली. काहींनी मेजरांना थोर म्हटलं, काहींनी मूर्ख. खालच्या आळीतल्या लोकांनी दोन्ही म्हटलं नाही. त्यांचा एक माणूस गेला होता.

किल्ल्या सोपवायच्या दिवशी मेजर शेवटी दरवाज्यांवर गेले. पाणी उतरून चोवीसवर आलं होतं. नाना दगडी खोलीच्या पायरीवर बसून दांडीला तेल लावत होते. ते उठून उभे राहिले. मेजरांनी त्यांना बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत, तेव्हा मेजरही उभेच राहिले.

"नाना, तुम्हाला एकदा स्पष्ट सांगायला आलोय. तुमच्या कानांत काही खोट नाही. आकडा मी चुकीचा सांगितला. परत सांगा."

नानांनी हातातलं फडकं दोनदा पिळलं. मेजर वाट बघत राहिले. शेवटी त्या बारीक आवाजात शब्द आले. "आकडा साहेबांनी चुकीचा सांगितला."

"बरोबर."

मेजर वळले होते. मागून नाना म्हणाले, "साहेब, एक राहिलं."

"बोला."

"नेहमीचा भोंगा सत्तरला. तुम्ही म्हणालात एकोणसत्तर. मला वाटलं, एका खुणेसाठी साहेब रविवारी ताटावरून उठून फोन करतात? सहा नऊ, असं परत म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. म्हटलं असतं तर तुम्ही चिठ्ठी बघितली असतीत." ते थांबले. "मग मनात आलं, सगळ्यांच्या देखत तुम्ही मला परत सांगायची माफी दिलीत. आता परत म्हटलं तर साहेबांना वाटेल, नानाला तो मान नको झालाय. म्हणून गप्प बसलो."

दरवाज्यांखालून पाणी जात होतं. पुढे झुकल्याशिवाय नानांचं बोलणं कधी नीट ऐकू येत नसे, पण मेजरांना या वेळी सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी टाचा जुळवल्या, आणि आयुष्यभर दुसऱ्यांकडून करून घेतलेली गोष्ट त्यांनी स्वतः केली.

"परत म्हटलं तर साहेबांना वाटेल, नानाला तो मान नको झालाय," मेजर म्हणाले. "म्हणून गप्प बसलो."

"बरोबर, साहेब," नाना म्हणाले.